सेवानिवृत्ती, स्वयंपाकघर आणि आपला आहार

सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ आपण सर्वांनी पाहिलेला असतो. शाल, पुष्पगुच्छ, भिंतीवरचे घड्याळ, साहेबांचे भाषण, सहकाऱ्यांची भाषणे आणि शेवटी समोसा, वेफर्स व बर्फीची कागदी बशी. "आपले उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे व आरोग्याचे जावो" असे प्रत्येक वक्ता म्हणतो. पेन्शनचे कागद, भविष्य निर्वाह निधी, उपदान, शिल्लक रजेचे पैसे यांविषयी अनुभवी मंडळी बाजूला घेऊन चार गोष्टी सांगतात. परंतु उद्या सकाळी डबा भरायचा नाही तेव्हा घरातल्या स्वयंपाकाचे काय होणार, पुढची वीस-पंचवीस वर्षे हा गृहस्थ काय खाणार आणि ते कोण शिजवणार, याविषयी त्या सभेत कोणी अवाक्षर काढत नाही. २०१४ साली वयाची ५८ वर्षे पूर्ण करून मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो, तेव्हा माझ्या समारंभातही कोणी काढले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात ते आले नव्हते.

विषय तसा घरगुती आहे, म्हणून तो क्षुल्लक मानण्याची चूक आपण करतो. आपल्या समाजात नोकरी करून निवृत्त झालेली, पेन्शनवर जगणारी एक मोठी पिढी आज साठी-सत्तरीत आहे. तिच्या आई-वडिलांना निवृत्ती माहीतच नव्हती. हातपाय चालत तोवर काम आणि थांबले की मरण, एवढाच त्यांचा हिशेब होता. तेव्हा निवृत्त माणसाने कसे खावे-प्यावे, कसे राहावे, याचा धडा आपल्या घरात वडीलधाऱ्यांकडून मिळालेला नाही. तो आपला आपणच शिकावा लागतो.

प्रथम नोकरीतला दिवस आठवून पाहा. आमच्या घरी पहाटे पाचला स्टोव्ह पेटे, पुढे गॅस आला. साडेसहाला चार पोळ्या व सुकी भाजी डब्यात पडे. कल्याणहून मुंबईला लोकलने उभ्याने जायचे, स्टेशनापासून कचेरीपर्यंत चालायचे, दीडला डबा, चारला चहा, पुन्हा तोच प्रवास आणि रात्री नऊला जेवण. मुंबई हे डब्यावर चालणारे शहर आहे. डबेवाल्यांची व्यवस्थाच १८९० सालापासूनची आहे. आपण समजतो की डबा म्हणजे पोटाची सोय. प्रत्यक्षात तो घड्याळही असतो आणि मापही असतो. डब्यात चार पोळ्या म्हणजे चारच. पाचवी मागायला तेथे स्वयंपाकघर नसते.

निवृत्तीनंतर घड्याळ गेले व मापही गेले. सकाळी सहाला एक चहा, वर्तमानपत्राबरोबर दुसरा, नऊला पोहे किंवा उपमा, अकराला कोणी भेटायला आले म्हणून पुन्हा चहा-बिस्किट, साडेबाराला जेवण, चारला चहा आणि बरोबर फरसाण, रात्री पुन्हा जेवण. माणूस लोभी होतो असे नाही. दिवस मोठा असतो, हात रिकामा असतो आणि डबा-बरण्या चार पावलांवर असतात. इकडे चालणे मात्र निम्म्यावर येते. चहात दोन चमचे साखर घालणाऱ्याने पाच कप घेतले तर दिवसाला सुमारे ५० ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे २०० कॅलरी, आणि त्यात पोषण शून्य. दोन हजार कॅलरीच्या आहारात वरून मिळवलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आपले पाच कप त्याच्या दुप्पट झाले.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या बाबतीत तर गोष्ट उलट बाजूनेही बिघडते. नोकरीत असताना गोळी आणि डबा यांची वेळ आपोआप जमलेली असते. निवृत्तीनंतर कधी अकराला जेवण, कधी अडीचला. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन जेवण लांबवले तर रक्तातील साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतो, भान हरपते. तेव्हा कचेरीचे घड्याळ गेले तरी जेवणाचे घड्याळ घरात ठेवलेच पाहिजे. निरोप समारंभात घड्याळच भेट देण्याची पद्धत आहे, ती या दृष्टीने योग्यच म्हणायची.

आहाराच्या प्रमाणाचा विषय निघाला म्हणून एक जुनी कथा सांगतो. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात ती आलेली आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी भाताचे प्रचंड माप एका बैठकीत संपवीत असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीस आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही, उपवासही सांगितला नाही. मोजून जेवणाऱ्याच्या व्यथा कमी होतात आणि त्याचे म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजामागे उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजा जेवायला बसला की तो ती म्हणून दाखवू लागला. त्याबद्दल त्याला रोज शंभर कहापण मिळत. राजा हळूहळू एका नाळीभर भातावर आला व हलका झाला. यातील मला पटणारी गोष्ट अशी की राजालासुद्धा ताटावर आठवण करून देणारे माणूस लागले. आमच्या घरी हे काम नात करते, आणि तिचे मानधन बरेच कमी आहे. मात्र राजाचा तो भात रोज कोण शिजवीत होते, हे कथेत आलेले नाही. त्याकडे आपण पुढे येऊ.

"कमी खा" हा उपदेश ऐकून पुष्कळ निवृत्त माणसे भलतेच काही कमी करतात, हा दुसरा धोका आहे. वय वाढते तसे शरीराला लागणारे इंधन कमी होते, पण दुरुस्तीचे सामान कमी लागत नाही. उलट साठीनंतर स्नायू वेगाने झिजू लागतात. मांडी बारीक होते, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना चढवत नाही, तोल जातो. आपण याला "वय झाले" म्हणतो. त्यातला काही भाग वयाचा असतो हे खरे, पण काही भाग ताटातला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वृद्धांनी किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे अधिक घ्यावे, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात.

आता आपल्या घरातले ताट मोजू. चार पोळ्या किंवा दोन मोठ्या भाकऱ्या, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम पीठ, त्यातून १५ ग्रॅम प्रथिने. मूठभर तांदळाचा भात, ४ ग्रॅम. पातळ वरणाची एक वाटी, ज्यात डाळ जेमतेम २० ग्रॅम असते, तिच्यातून ४ ते ५ ग्रॅम. दोन चहातले दूध, ३ ग्रॅम. भाजीतले दोन-तीन ग्रॅम. बेरीज तिसापर्यंत जाते आणि तेथेच थांबते. वीस ग्रॅमची तूट रोजची. पोट मात्र भरलेले असते, म्हणून तूट कळत नाही. ती भरून काढणे अवघड नाही व फार खर्चाचेही नाही. वरण दाट करावे, म्हणजे डाळ तीस ग्रॅम वाढवावी. एक अंडे, त्यात ६ ग्रॅम. वाटीभर दही, ५ ग्रॅम. पंचवीस ग्रॅम शेंगदाणे, ६ ग्रॅम. झाले काम. त्या बदल्यात एक-दोन पोळ्या कमी कराव्यात. सुकट-बोंबलातही प्रथिने भरपूर असतात, पण खारवलेल्या मासळीत मीठही भरपूर असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती आधी पाण्यात भिजवून, पाणी टाकून देऊन, तीही बेतानेच खावी. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र वरील हिशेब बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दोन हजार कॅलरीच्या ताटाचे जे प्रमाण सांगितले आहे, त्यात तृणधान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. म्हणजे धान्यापेक्षा भाजी जास्त. आपल्याकडे भाजी ही पोळीला लावण्यापुरती करतात. बाजारात जायला वेळ नव्हता तेव्हा ते क्षम्य होते. आता वेळच वेळ आहे. पिशवी घेऊन मंडईपर्यंत चालत जावे, मेथी, चाकवत, अंबाडी आणावी, दारात बसून निवडावी. अर्धा तास चालणे होते आणि घरच्या बाईचे अर्धे काम होते.

निवृत्त लोकांपैकी काहीजण या वयात मांस-मासे सोडतात. कोणी विपश्यनेच्या शिबिराहून आल्यावर सोडतो, कोणाला डॉक्टर सांगतात, कोणाचे मनच होत नाही. विचार करून सोडले असेल तर त्याविषयी कोणी बोलण्याचे कारण नाही. फक्त ताटातील ती जागा रिकामी राहू नये, किंवा बटाट्याने भरली जाऊ नये. डाळी, उसळी, दूध, ताक यांनी ती भरावी. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी व दूध यांतूनच येते, आणि उतारवयात जठरातील आम्ल कमी झाल्याने ते अंगी लागण्याचेही प्रमाण घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटते. पायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा अशी लक्षणे दिसली तर रक्त तपासून घ्यावे.

दात हा स्वतंत्र अध्याय आहे. दात गेले की माणूस भाकरी सोडतो, मग कांदा, काकडी, शेंगदाणे, मटणाची फोड सोडतो, आणि हळूहळू चहात बुडवलेल्या खारी-टोस्टवर येऊन थांबतो. कवळी बसवून घ्यावी. बसवली नसेल तर शिजवण्याची रीत बदलावी. भाकरी आमटीत कुस्करावी, पालेभाजी डाळीत घोटावी, शेंगदाण्याचे कूट करावे, ज्वारीच्या कण्या किंवा नाचणीची आंबील करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एवढे दुसऱ्या कोणत्या धान्यात नसते.

निवृत्तीनंतर जीभ मागे जाते, असा माझा अनुभव आहे. माझे गाव साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात. १९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. रेशनवरची तांबडी मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन आम्ही जगलो. पुढे नोकरी लागली, पगार आला आणि गव्हाची पोळी ही आमच्या घरात प्रतिष्ठेची खूण झाली. पाहुण्यांपुढे भाकरी ठेवायला संकोच वाटे. चाळीस वर्षांनी आता मलाच हुलग्याचे माडगे, बाजरीची भाकरी आणि तांदुळजाची भाजी आठवते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या लोकांच्या खाण्याची जी नोंद केली आहे, ती वाचताना अनेक निवृत्त मंडळींना आपापल्या आईची चूल दिसली असेल. गरिबीने लादलेले सगळेच अन्न चांगले होते असे मी म्हणणार नाही. भूक ही भूकच होती, तिचे गोडवे गाऊ नयेत. परंतु ज्वारी, बाजरी, नाचणी, हुलगे यांची लाज आपण उगाच बाळगली.

चवीविषयी एक भांडण घरोघर असते. "आज भाजी अळणी झाली" असे तो म्हणतो, आणि "रोजच्याएवढेच मीठ आहे" असे ती म्हणते. दोघेही खरे बोलत असतात. वयाबरोबर नाक मंदावते, आणि चवीचा मोठा भाग वासाचा असल्याने जेवण बेचव लागते. काही औषधांनीही तोंडाची चव जाते. मग माणूस वरून मीठ घेतो, लोणचे घेतो, पापड घेतो. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक चहाचा चमचाभरही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा एका लोणच्याच्या फोडीने व दोन पापडांनी हलू लागते. त्याऐवजी लिंबू, कोकम, लसूण, जिरे, भाजलेल्या कारळाची किंवा जवसाची चटणी यांनी चव वाढवावी. तहानही अशीच मंदावते. पाणी प्यावेसे वाटत नाही म्हणजे शरीराला नको आहे असे नव्हे. उन्हाळ्यात ठरवून पाणी प्यावे. अर्थात हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांना डॉक्टरांनी मोजून पाणी सांगितले असेल तर तेवढेच.

येथपर्यंत खाण्याविषयी झाले. आता शिजविण्याविषयी.

मी निवृत्त झालो. माझी पत्नी झाली नाही. उलट माझ्या निवृत्तीने तिचे काम वाढले. पूर्वी सकाळी साडेसहाला मी बाहेर पडलो की दुपारी ती उरलेसुरले खाऊन घेई व दोन तास तिचे असत. आता दुपारी बाराला ताट, चारला चहा, मध्ये "काहीतरी कर ना". हे माझ्या ध्यानात यायला पाच वर्षे लागली, ही गोष्ट मी येथे लिहून ठेवतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत असे दिसले की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के होते. जे करतात त्यांचा रोजचा वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २९९ मिनिटे म्हणजे पाच तास. यात रविवार नाही, किरकोळ रजा नाही आणि ५८ वर्षांची अटही नाही.

त्याच २०१९ साली तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून घरी आलो त्या संध्याकाळी मी प्रथमच एकट्याने स्वयंपाकघरात उभा राहिलो. छत्तीस वर्षे ज्या घरात जेवलो त्या घरात मीठ कोठे असते हे मला माहीत नव्हते. पलंगावरून ती सांगत होती, "अहो, डाव्या हाताला, वरच्या फळीवर, निळ्या झाकणाची बरणी." बरणी सापडली, ती पिठीसाखरेची निघाली. कुकरला किती पाणी, किती शिट्ट्या, हे विचारायला मी सात वेळा आत-बाहेर केले. आठव्या वेळी ती म्हणाली, "मीच येते उठून," आणि खरोखर उठू लागली. तेव्हा मला जी शरम वाटली तिच्यापुढे साहेबांनी चारचौघांत दिलेला मेमो काहीच नाही.

लोक म्हणतात पुरुषांना स्वयंपाक येत नाही. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण माझे मामा. ते मुंबईत गिरणीत होते, रिंग खात्यात. बायको-मुले गावी. त्या काळी गिरणगावात दोन सोयी होत्या. एक खाणावळ, जी बहुधा एखादी कष्टकरी बाई आपल्या खोलीत चालवी. अशा बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. दुसरी सोय म्हणजे गावकीची खोली. एका खोलीत गावची दहा-बारा माणसे पाळीने राहत, आणि काही खोल्यांतून स्वयंपाकही पाळीने होई. मामा अशा खोलीत होते. रविवारी बारा माणसांचे मटण व भाकऱ्या ते एकटे करीत. त्यांच्या हातच्या रश्शाची आठवण काढणारी माणसे मी पाहिली आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. मामा दीड वर्ष थांबले आणि गावी परतले, ते कायमचे. वय बावन्न. समारंभ नाही, शाल नाही. अशीही सेवानिवृत्ती आपल्या हजारो लोकांच्या वाट्याला आली. आता लक्षात घ्या, बारा माणसांचा स्वयंपाक करणारा हा माणूस गावी गेल्यावर वीस वर्षे चुलीकडे फिरकला नाही. मामी शेतावरून येऊन भाकऱ्या थापायची आणि मामा ओट्यावर बसून वाट पाहायचे. एकदा मी विचारले, तर म्हणाले, "अरे, मुंबईत कोण बघतंय? हितं गाव हाय." म्हणजे अडचण हाताची नव्हती, लाजेची होती. पुढे मामीला अर्धांगवायूचा झटका आला. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली आणि तिच्या मरणापर्यंत चार वर्षे तिला भरवले. मामी एकदा मला म्हणाली होती, "एवढं चांगलं करतोय की रं, मग इतकी वर्सं काय झालं हुतं ह्याला?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

जोडीदार गेल्यावर काय होते तेही पाहिले पाहिजे. आमच्या वसाहतीत एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. पत्नी वारली, मुलगा परगावी. सुरुवातीला शेजाऱ्यांनी डबे दिले. शेजारी किती दिवस देणार? नंतर ते चहा-खारी, केळी आणि बाहेरचा वडापाव यांवर राहू लागले. आठ महिन्यांत चौदा किलो वजन उतरले. सगळ्या तपासण्या झाल्या, मोठा रोग कोणताच निघाला नाही. डॉक्टरांनी मुलाला एवढेच विचारले, "हे जेवतात काय?" स्त्रियांची तऱ्हा निराळी. त्यांना सर्व येते, पण नवरा गेला की "एकटीसाठी कशाला गॅस पेटवायचा" म्हणून कालची भाकरी व चटणी खाऊन त्या दिवस काढतात. जन्मभर दुसऱ्यासाठी शिजवले, स्वतःसाठी शिजवायचे हे कधी मनात आलेच नाही. अशा भगिनी आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. पौर्णिमेला विहारात भेटतात तेव्हा "जेवलात का?" असे नुसते न विचारता "काय जेवलात?" असे विचारावे. उत्तरातून बरेच कळते.

तेव्हा ज्यांना निवृत्तीला दोन-चार वर्षे आहेत त्यांनी आताच थोडे शिकून घ्यावे. फार लागत नाही. मी खिचडीपासून सुरुवात केली. दोन माणसांना अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, हळद, थोडे मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या. वरून लसणाची फोडणी. मऊ होते, दातांना चालते. मग वरण, मग उसळ, मग पालेभाजी. मटकी आदल्या दिवशी भिजवायची असते हे मला पहिल्या वेळी सकाळी दहाला कळले. भाकरी अजून साधलेली नाही. कडा चिरतात, आणि नात तिला महाराष्ट्राचा नकाशा म्हणते.

भांडीही बदलावी लागतात. आमच्याकडे सहा माणसांची पातेली होती आणि हातालाही सहा माणसांचेच माप होते. मुले वेगळी राहू लागली तरी भात तेवढाच पडे व उरे, आणि उरलेले कोणी खायचे हे न ठरवता ठरलेले असे. शिजलेला भात रात्रभर बाहेर ठेवून खाणे म्हाताऱ्या पोटाला बरे नाही, त्यातील जंतूंनी उलट्या-जुलाब होतात. लहान कुकर व दोन लहान पातेली घेतली तेव्हा हा प्रश्न सुटला. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर ठेवली, म्हणजे स्टुलावर चढणे नको. मीठ व साखरेच्या बरण्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवले, भाजी बसून परतता येते. रात्री गॅस बंद केला की नाही हे पाहण्याची पाळी माझी. विसराळूपणा दोघांचाही वाढतो आहे, म्हणून मी बंद करतो आणि ती पाहून येते.

सध्या आमच्याकडे गुरुवार माझा असतो. त्या दिवशी ती महिला मंडळाच्या बैठकीला जाते आणि दीडला परत येते. मी ताटे मांडून ठेवतो. ती आमटीचा पहिला घोट घेते आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत बसतो, छत्तीस वर्षे ती माझ्या तोंडाकडे पाहत असे तसा. "बरी झालीय," एवढेच म्हणते. त्यापुढे अजून गेलेली नाही.